चमत्कार सांगा, पण त्यापुढचा चरणही सांगा: कीर्तनकार मंडळींना खुले पत्र

ह.भ.प. कीर्तनकार, प्रवचनकार आणि कथेकरी महाराज मंडळींस,

सादर रामकृष्ण हरी.

मी तुमच्यासमोर बसणाऱ्यांपैकी एक. टाळकऱ्यांत नाही, विणेकरी नाही, सप्ताहाच्या कमिटीत तर नाहीच. मांडवाच्या मधल्या भागात, जिथून तुमचा चेहराही दिसतो आणि मागची कुजबुजही ऐकू येते, तिथे बसणारा श्रोता. या पत्रात थोडी तक्रार आहे. पण देवाबद्दल आणि संतांबद्दल मला जे काही ठाऊक आहे, त्यातले बहुतेक तुमच्याच तोंडून आले आहे, आणि तक्रार करावीशी वाटते ती म्हणूनच.

आपल्याकडे घराघरांत गाथा असते, ज्ञानेश्वरी असते. बहुधा कापडात बांधलेली. पारायणाला ती सुटते, सात दिवस ओव्या डोळ्यांखालून जातात, समाप्तीला पुन्हा गाठ बसते. अर्थ लागायचा तो रात्रीच्या कीर्तनात. त्यामुळे मांडवात कुणालाही विचारा, ज्ञानोबांनी काय केले? रेडा बोलवला, भिंत चालवली. पाच वर्षांचे पोरही सांगेल. आणि नऊ हजार ओव्यांच्या ज्ञानेश्वरीत ना तो रेडा आहे, ना ती भिंत. ग्रंथ संपवताना ज्ञानोबा आपल्याविषयी सांगतात ते फारच थोडे: आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा, गोदावरीचा काठ, रामचंद्र यादवाचे राज्य, शके १२१२. ज्या ग्रंथाचे आम्ही पारायण करतो त्यात जे नाही ते आम्हाला तोंडपाठ, आणि जे आहे ते विचारले तर आम्ही एकमेकांकडे बघतो.

रेडा बोलला की नाही, हा वाद मला घालायचा नाही. तो घालणारे दोन्ही बाजूंना पुष्कळ आहेत आणि त्यांचे बरे चालले आहे. मला एवढेच दिसते की आमची श्रद्धा पोथीतून येत नाही. ती कानातून येते, आणि गोष्ट जशी सांगितली जाते तशी ती घडत जाते. तुम्ही कुठे थांबलात, मृदंग कुठे चढवलात, कुणाचा आवाज काढून दाखवलात, कोणता चरण न सोडवता पुढे गेलात, यावर आमचा देव कसा असणार हे ठरते. एवढी सत्ता ना कुठल्या देवस्थानच्या ट्रस्टकडे आहे, ना सरकारकडे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

इंद्रायणीचेच घ्या. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या नदीत बुडाल्या, तुकोबा तेरा दिवस निश्चक्र पडून राहिले, वह्या कोरड्या वर आल्या. हा प्रसंग मी बऱ्याच महाराजांकडून ऐकला आहे आणि तो सगळीकडे एकाच जागी चढतो, वह्या वर येतात तिथे. टाळकरी उड्या घेतात, मांडव दणाणतो, वह्या बुडवायला लावणाऱ्या रामेश्वरभट्टांची जिरते. आपणच जिंकल्यासारखे आम्ही घरी येतो. आता त्या प्रसंगावर तुकोबा स्वतः काय म्हणतात ते पाहा. अभंग तुम्हाला माझ्याहून चांगला पाठ आहे:

थोर अन्याय केला। तुझा अंत म्यां पाहिला।
जनाचिया बोलासाठीं। चित्त क्षोभविलें॥

शेवटच्या चरणात ‘उदकीं राखिले कागद, चुकविला जनवाद’ हे येतेच. कागद राखले, लोकांचा बोल टळला, देवाने ब्रीद खरे केले. तुकोबा ते नाकारत नाहीत. पण अभंगाची सुरुवात जिंकलेल्या माणसाची नाही. लोक काहीबाही बोलले म्हणून मी देवाला कसोटीला लावले, त्याला शीण दिला, हा माझा अन्याय झाला. वह्या वर आल्यावर या माणसाला आधी शरम वाटली आहे. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो, कारण ऐकलेल्या गोष्टीत ही शरम कुठेच नव्हती.

आता ऐकणाऱ्याचे काय होते ते बघा. ज्याच्या मनात तो पहिला चरण रुतला, तो नवस बोलताना अडखळेल. देवाची परीक्षा घेणे त्याला लाजिरवाणे वाटेल. ज्याने फक्त वर आलेल्या वह्या पाहिल्या, तो जन्मभर आपल्या वह्या वर येण्याची वाट पाहत राहील: पोराची नोकरी, कोर्टातला निकाल, बुडालेली उधारी. आणि त्या आल्या नाहीत की एकतर स्वतःच्या भक्तीला दोष देईल किंवा दुसरा देव शोधेल. प्रसंग तोच, गावही तेच, आणि एकाच मांडवातून दोन तऱ्हेचे भक्त उठून घरी जातात. फरक पडतो तो तुमच्या पाच-दहा मिनिटांच्या निरूपणाने.

तुकोबांनी तर दुसरीकडे सांगूनच टाकले आहे, ‘दाऊं नेणें जडीबुटी। चमत्कार उठाउठी॥’. मला लोकांना भुलवता येत नाही, मी आपले कीर्तन करतो. हे म्हणणाऱ्या माणसाच्या चरित्रात आपण चमत्कारांची रांग लावली. यात चांगला विनोद आहे, पण तो कीर्तनात कुणी करत नाही.

विनोदावरून आठवले. जिजाई, तुकोबांची दुसरी बायको.

तुमच्या कीर्तनात जिजाईंच्या वाट्याला काय येते? चिरका आवाज, कमरेवर हात, काळ्या विठोबाच्या नावाने शिव्या. लोक पेंगायला लागले की जिजाई आणायची, हे ठरलेले. महाराज आवाज काढतात, पुरुष खदखदतात, बायकाही पदर तोंडाला लावून हसतात. हसता हसता एक शिकवण आत उतरते, की परमार्थाच्या वाटेत बायको आडवी येते. हे तोंडाने कुणी म्हणत नाही. म्हटले असते तर एखादीने उठून प्रमाण विचारले असते. हसण्याला कोण प्रमाण विचारतो?

गाथेत मात्र तिचे बोलणे आहे. बायको कठोर बोलली त्या प्रसंगाचे म्हणून काही अभंग तिथे एकत्र छापलेले असतात. त्यातले हे दोन चरण:

कोणाची बाईल होऊनियां वोढूं। संवसारीं काढूं आपदा किती॥
काय तरी देऊं तोडितील पोरें। मरतीं तरी बरें होतें आतां॥

पोरे भुकेने लचके तोडताहेत, त्यांना देऊ काय? मेली असती तर बरे झाले असते. हे एक आई बोलते आहे. ते चिरक्या आवाजात म्हणून दाखवता येणार नाही, करून बघा. आणि हे घर कोणते? जिथे पहिली बायको दुष्काळात गेली. तेही तुकोबांनीच सांगितले आहे, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. १६३० च्या आगेमागे पडलेला तो दुष्काळ ज्या घराने पाहिला, तिथे दाण्याची गोणी आल्यावर नवरा ती वाटून टाकायला निघतो. ‘गोणी आली घरा। दाणे खाऊं नेदी पोरां॥’ असे ती म्हणते तेव्हा हसू येते हे खरे. पण ते हसू तुकोबांनी स्वतःवर ओढवून घेतलेले आहे. ज्याच्यावर ती चिडली, त्यानेच तिचे म्हणणे काटछाट न करता मांडले. आपण ते उलटे केले आणि हसण्याचा रोख तिच्याकडे वळवला. एकदा हा अभंग कीर्तनाला लावा. मध्येच हशा पिकवायला नको, मुख्य अभंग म्हणून घ्या. दोन तास, चरण सोडवत.

चोखोबांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण ती तुम्ही फार चांगली सांगता. देव चोखोबांच्या घरी जेवतो. विठोबाचा हार त्यांच्या गळ्यात सापडतो, मार बसतो, ‘धांव घालीं विठू आतां, चालूं नको मंद’. मग मंगळवेढ्याचे गावकूस कोसळते, चोखोबा त्याखाली जातात, नामदेव ढिगाऱ्यातून अस्थी निवडतात, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू येते त्या चोखोबांच्या. पंढरीच्या महाद्वाराशी समाधी होते. इथवर आल्यावर मांडवात डोळे न पुसणारा माणूस सापडत नाही. मीही पुसले आहेत.

चोखोबा गेले ते १३३८ मध्ये. ज्या समाजात ते जन्मले त्या समाजाच्या माणसांना विठ्ठलाच्या गाभाऱ्यापर्यंत जाता आले ते १९४७ मध्ये, मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसल्यावर. मधे सहाशे वर्षे गेली. त्या सहाशे वर्षांत कीर्तने थांबली नव्हती. देव चोखोबांना पोटाशी धरत होता, ऐकणारे रडत होते, आणि कीर्तन संपल्यावर दार जसेच्या तसे होते. मला वाटते याचे एक कारण गोष्टीच्या घडणीतच आहे. गोष्टीत देव येऊन मिठी मारतो, तिथे ऐकणाऱ्याचे ओझे उतरते. न्याय झाला, तो देवाने केला, आता आपण करायचे काय उरले? रडून मन हलके होते आणि पाय घराकडे वळतात. अन्यायाच्या गोष्टीचा शेवट चमत्काराने केला की गावावरची जबाबदारी परस्पर सुटते.

त्याच घरात दुसरा आवाज आहे. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा:

आमुची केली हीन याती। तुज कां न कळे श्रीपती॥
जन्म गेला उष्टें खातां। लाज न ये तुमचे चित्ता॥

इथे हार नाही, मिठी नाही. पोरगा देवालाच विचारतो आहे, लाज नाही वाटत? हा अभंग कीर्तनाला लावलेला मी अजून ऐकलेला नाही. लावला तर मांडवात कुणी रडणार नाही, चुळबुळ होईल. पुढच्या ओळीतले लोक घड्याळ बघतील. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांचेही तसेच. ‘अवघा रंग एक झाला’ लहानथोरांना पाठ आहे. त्याच बाईंनी ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ असे सुरू करून, मग सोवळा तो कोण, असा रोखठोक प्रश्न केला आहे. तो अभंग किती जणांना येतो ते एकदा मांडवात हात वर करायला लावून बघा. जे ऐकून बरे वाटते ते पाठ झाले, जे ऐकून टोचते ते गाथेत राहिले. ही निवड कुणा एकाने केलेली नाही, पण ती रोज रात्री नव्याने होते आणि माइक तुमच्या हातात असतो.

भाषेचे थोडे. झाडलोट जनाबाई करते, ‘केर भरी चक्रपाणी’. दळणकांडण करणाऱ्या बाईने देव पाहिला तो जात्याशी बसलेला, केर उचलणारा. शेकडो वर्षे हे ऐकल्यामुळे इथल्या साध्या माणसाला देवाची भीती कमी वाटली, त्याच्याशी भांडताही आले. अलीकडे मात्र काही कीर्तनांतला विठोबा टीव्हीवरच्या मालिकेतल्या राजासारखा बोलायला लागला आहे. वत्स काय, तथास्तु काय, मागे गडगडाट. जनाबाईचा विठोबा कधी तथास्तु म्हणाला? तो दळण घेऊन बसतो. बोलणे बदलले की देव सिंहासनावर जाऊन बसतो आणि भक्त अर्ज घेऊन रांगेत उभा राहतो. ‘प्राकृत काय चोरापासूनि झाली?’ असे एकनाथांनी पंडितांना विचारले होते. आज पंडित कुणी अडवत नाही, आपणच आपल्या घरची बोली सोडून मालिकेची उसनी घेतो.

आणि एक साधे मागणे. वारकरी कीर्तनात प्रमाणाशिवाय बोलायचे नाही, ही शिस्त तुमचीच आहे. विचाराला अभंगाचे, ओवीचे प्रमाण लागते. मग गोष्टीला का नको? संतांच्या म्हणून ज्या गोष्टी आपण सांगतो त्यांतल्या पुष्कळ महिपतीबुवांच्या ‘भक्तविजया’तून येतात. तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे तुकोबांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी आणि ज्ञानोबांनंतर साडेचारशेहून जास्त वर्षांनी लिहिलेला. महिपतीबुवा काही लपवत नाहीत. हे आपल्या पदरचे नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आधीच्या संतचरित्रकारांच्या आधारे लिहितो आहे, असे ते आरंभीच सांगतात. त्यांच्याही आधी, ज्ञानेश्वरी व्हायच्या अगोदर, महानुभाव पंथात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून, विचारून विचारून. त्यातून झालेल्या लीळाचरित्रात एकाच लीळेविषयी दोघांची आठवण वेगळी पडली की अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे, हे नावानिशी नोंदलेले सापडते. तरी कुणाची श्रद्धा डळमळली नाही. त्या लीळा सातशे वर्षे टिकल्या.

‘महिपतीबुवा असे सांगतात’. तीन शब्द. ते उच्चारले की ऐकणाऱ्याला कळते की गोष्टीलाही सांगणारा असतो, त्याचा काळ असतो, त्याची माया असते. मग दुसऱ्या कुणी तीच गोष्ट वेगळी सांगितली तर हा हातघाईवर येणार नाही. सध्या संतांच्या एकेका प्रसंगावरून माणसे कशी एकमेकांच्या अंगावर जातात ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता.

कथा सांगणाऱ्यांसाठी दोन ओळी वेगळ्या. सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेता निघते आणि तिच्या नवऱ्याची नौका बुडते. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट मोठेपणीही सुटत नाही. तेव्हापासून पुढे आलेला प्रसाद नाकारताना भल्याभल्यांचा हात थरथरतो. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणीही आपलीच आहे. राजाने गाभारा भरण्यासाठी गावचे सगळे दूध मागवले, वासरे उपाशी, पोरे उपाशी, गाभारा काही भरेना. म्हातारीने आधी घरातल्यांना आणि वासरांना पोटभर दिले, उरलेले खुलभर नेऊन ओतले आणि गाभारा भरला. इथेही चमत्कारच आहे. पण आधी कुणाचे पोट भरायचे, ते त्या चमत्काराने सांगितले. ही कहाणी कुण्या पंडिताने लिहिलेली नाही, घरातल्या बायकांनी एकमेकींना सांगत जपली. मोठ्या मांडवात, मोठ्या खर्चाच्या कथेत ती सहसा ऐकू येत नाही. राजाला ती गैरसोयीची आहे, आणि मांडव बहुधा राजाच्या खर्चाने उभा असतो.

तुम्ही म्हणाल, असे सांगितले तर लोक उठून जातील. मोबाइलवर फिरते ती हशाची आणि चमत्काराची तेवढी कात्रणे. कमिटी पुढच्या वर्षी तारीख देणार नाही. हे खोटे नाही. तारखा, गाडी, टाळकऱ्यांचा खर्च, घर, हे सगळे मला दिसते आणि त्यावर फुकट उपदेश करायचा नाही. पण गाडगेबाबांचे काय करायचे? शाळा नाही, पोथी नाही, वऱ्हाडी बोली आणि हातात खराटा. गोष्ट सांगता सांगता प्रश्न टाकायचे, लोकांकडून उत्तर काढायचे आणि त्याच उत्तरात लोकांना पकडायचे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे कापू नका, शिवाशीव पाळू नका. एकही गोष्ट ऐकणाऱ्याला सोयीची नव्हती. माणसे हजारोंनी जमत आणि ‘गोपाला गोपाला’ म्हणत शेवटपर्यंत बसत. बाबा १९५६ मध्ये गेले, पण ती पद्धत काही त्यांच्याबरोबर गेली नाही. त्यांच्या कीर्तनात लोक हसतही होते, आणि हसू ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या मूर्खपणावर असे.

तेव्हा विनंती अशी. सप्ताहात सात रात्री आणि काल्याचा दिवस असतो. त्यातली एक रात्र द्या. ‘थोर अन्याय केला’ लावा, किंवा जिजाईंचा, किंवा कर्ममेळ्याचा. काल्याच्या दिवशी नको, त्या दिवशी लोकांचे लक्ष लाह्यांकडे असते. मधली एखादी रात्र बरी. कमिटीला आधी सांगू नका, अभंग ऐनवेळीच घ्या. चुळबुळ झाली तर होऊ द्या.

आणि कोणत्या गावी, कोणत्या तिथीला लावणार ते कळवता आले तर मी येईन. रात्री परतायला एसटी असावी, एवढे एक बघा.

आपला,
समोर बसणारा एक श्रोता